हॉप्सची हाताळणी आणि घरगुती बिअर-निर्मिती : इंग्लंडच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
बिअरला कडवटपणा व सुगंध देणारे हॉप्स म्हणजे एका वेलीच्या मादी फुलांचे शंकू होत. त्यांची हाताळणी ही वरवर पाहता स्वयंपाकघरातील एक किरकोळ कृती वाटते. परंतु इंग्लंडमध्ये बिअर-निर्मिती कोणाच्या हाती राहावी, या प्रश्नाशी ती निगडित होती. प्रस्तुत लेखात या संबंधाचा आढावा घेतला आहे.

एलकडून बिअरकडे :
मध्ययुगीन इंग्लंडमधील 'एल' हे पेय हॉप्सविना तयार होत असे. ते थोड्याच दिवसांत आंबट होई. त्यामुळे ते वारंवार व अल्प प्रमाणात करावे लागे. हे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत आणि उरलेले एल विकून संसाराला हातभार लावीत. सुमारे १४०० पासून हॉप्सयुक्त बिअर नेदरलँड्सच्या प्रदेशातून इंग्लंडमध्ये येऊ लागली. हॉप्समधील राळेसारखा घटक जिवाणूंची वाढ रोखत असल्याने ही बिअर अधिक काळ टिके. परिणामी मोठी साठवण आणि दूरची वाहतूक शक्य झाली. मात्र त्यासाठी इंधन, मोठी भांडी व भांडवल आवश्यक होते. जुडिथ बेनेट यांनी १९९६ मधील ग्रंथात दाखविल्याप्रमाणे भांडवल व पत यांपासून वंचित असलेल्या स्त्रिया या स्थित्यंतरात मागे पडल्या.

हाताळणीचे ज्ञान :
तथापि घरगुती परंपरा संपुष्टात आली नाही. विल्यम हॅरिसन यांनी १६ व्या शतकाच्या उत्तरार्धात आपली पत्नी व दासी दरमहा करीत असलेल्या बिअरची कृती नोंदविली आहे. रेनॉल्ड स्कॉट यांच्या १५७४ मधील पुस्तकात हॉप्सची लागवड, तोडणी व वाळवणी यांचे सचित्र विवेचन आढळते. ताजे हॉप्स लवकर खराब होत असल्याने ते भट्टीत वाळवून पोत्यांत घट्ट दाबून भरले जात. हवा, उष्णता व प्रकाश यांमुळे त्यांचा गुण कमी होतो. माल्टच्या अर्कात दीर्घकाळ उकळल्यास कडवटपणा उतरतो, परंतु सुगंध उडून जातो. म्हणून सुगंधासाठी काही हॉप्स अखेरीस घालतात. प्रथमच ४-५ लिटर बिअर करणाऱ्यालाही याच नियमांचे पालन करावे लागते.

शासनाचा हस्तक्षेप :
१७१० च्या कायद्याने हॉप्सवर कर बसविला आणि विक्रीच्या बिअरमध्ये त्यांऐवजी अन्य कडू पदार्थ वापरण्यास मनाई केली. हा कर १८६२ मध्ये रद्द झाला. परंतु १८८० पासून घरगुती निर्मितीसही परवाना आवश्यक ठरला. ही अट १९६३ मध्ये काढून टाकण्यात आली आणि त्यानंतर या कलेचे छंदाच्या रूपात पुनरुज्जीवन झाले.

निष्कर्ष :
हॉप्समुळे बिअर टिकाऊ झाली, परंतु स्त्रियांचे एक उपजीविकेचे साधन दुर्बळ झाले. १९६३ नंतर कला घरात परतली. उपजीविका परतली नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे मूल्यमापन करताना वस्तूच्या गुणवत्तेबरोबरच ती कोणाच्या हातून निसटली, याचाही विचार होणे अगत्याचे आहे.