तांबड्या पेशींची साक्ष

रक्तातील तांबड्या पेशी उणावल्या की चेहरा फिकट पडतो, धाप लागते, अंगातील बळ सरते. या अवस्थेस पंडुरोग हे नाव फार जुने आहे. परंतु त्या एका नावाखाली अनेक निरनिराळ्या व्याधी दडलेल्या आहेत, हे पेशींचे आकारमान तपासले जाऊ लागल्यावर उमगले. या शोधाचे एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत घडले.

१९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना जडणारा तीव्र रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. लोहाच्या अभावी होणाऱ्या रक्तक्षयात पेशी लहान व फिकट होतात. या स्त्रियांच्या रक्तात मात्र पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने मोठ्या आढळत. हा मोठेपणा सामर्थ्याचा नव्हे. पेशीच्या केंद्रातील द्रव्य पुरेसे तयार होत नाही, विभाजन खोळंबते आणि पेशी अपक्व अवस्थेतच वाढत राहते.

अशाच मोठ्या पेशी दिसणारा ‘घातक पंडुरोग’ यकृताच्या आहाराने आटोक्यात येतो, असे १९२६ साली मायनॉट व मर्फी या अमेरिकन वैद्यांनी दाखविले होते. विल्स यांचे लक्ष रुग्णांच्या निकृष्ट आहाराकडे गेले. यीस्टच्या अर्काने, म्हणजे ‘मार्माइट’सारख्या स्वस्त पदार्थाने, हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. पुढे असे दिसले की, घातक पंडुरोगावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क या रुग्णांना उपयोगी पडत नाही. तेव्हा पेशींचे रूप सारखे असले तरी उणीव वेगळी होती. ते उणे द्रव्य १९४१ साली पालकाच्या पानांतून मिळाले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्यास फॉलिक आम्ल म्हणू लागले. घातक पंडुरोगातील उणे द्रव्य, जीवनसत्त्व ‘ब-१२’, १९४८ साली हाती आले.

आज रक्ताच्या अहवालात पेशीचे सरासरी आकारमान छापलेले असते. प्रौढांत ते साधारणतः ८० ते १०० फेम्टोलिटर असते. १०० च्या वर गेलेला आकडा या दोहोंपैकी कोणत्या द्रव्याची उणीव आहे, हे सांगत नाही. मद्यपान वा यकृताचे विकारही त्यामागे असू शकतात. येथे घाई धोक्याची ठरते. ‘ब-१२’ उणे असता केवळ फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारलेले दिसते. मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. अहवालातील आकडा वैद्यास वाट दाखवितो; कारणाचा शोध त्यापुढेही घ्यावाच लागतो.