हिशेबात न बसलेल्या मुली

1896 चा डिसेंबर सरत आला आहे आणि तुम्ही पुण्यात, शारदा सदन या विधवा मुलींच्या शाळेच्या पडवीत उभे आहात. आतून मुलींच्या पाढ्यांचा आवाज येतो आहे, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. बाहेर शहर मात्र दबकून आहे. मुंबईत सप्टेंबरपासून प्लेग पसरलाय आणि तिकडून येणाऱ्या पाहुण्याला घरात घ्यावं की नाही, असा प्रश्न वाड्यावाड्यांतून पडू लागलाय. वर्तमानपत्रात दुसरीही बातमी आहे. पाऊस बुडाला, मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरताहेत.

आतल्या खोलीत सदन चालवणाऱ्या पंडिता रमाबाई बसल्या आहेत. वय अडतीस. पांढरं सुती लुगडं, आखूड कापलेले केस. तुम्हाला जवळ जाऊन मोठ्यानं बोलावं लागतं, कारण त्यांना नीट ऐकू येत नाही. इंग्लंडला गेल्या होत्या त्या वैद्यकी शिकायला. या बहिरेपणापायी ते राहून गेलं.

दुष्काळातल्या मुली आणायला त्या मध्य प्रांतात निघाल्या आहेत, आणि तुम्ही त्यांना थांबवायला आला आहात. त्यांचं भलं व्हावं असं तुम्हाला मनापासून वाटतं आणि तुमच्याकडे हिशेब आहे. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं मदत देण्याचा शब्द दिला होता. ती मुदत भरत आली. त्यातला पैसाही शारदा सदनासाठी आलेला, दुष्काळासाठी नव्हे. केडगावला जमीन घेतली ती फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी म्हणून, पण झाडं अजून लहान आहेत. 1893 साली, सदनात मुलींना ख्रिस्ती केलं जातं या वादात, सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. ती जखम भरलेली नाही. आता परप्रांतातल्या उपाशी मुली आणल्या तर लोक काय म्हणतील, हे काय सांगायला हवं? (लोकांचा तो आक्षेप हवेतला नव्हता, हेही इथं मान्य करतो. रमाबाई आपला ख्रिस्त लपवून ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या.)

तुमचा प्रत्येक आकडा बरोबर आहे. त्यांना तो तुमच्याआधी ठाऊक आहे. बातमी प्रथम कानावर आली तेव्हा त्याही गप्प राहिल्या होत्या. अंगात बळ नाही, गाठीला पैसा नाही, हाताखाली आधीच इतक्या जणी. पण देव आपल्याला तिकडं जा म्हणतो आहे, असं त्यांना वाटू लागलं. श्रद्धाळू माणसाला देवाचं म्हणणं लगेच गोड लागतं, असं आपण उगाच समजतो. रमाबाईंना ते गोड लागलं नाही. तरी ते त्यांना सोडेना.

का सोडेना, हे कळायला तुम्हाला आणखी वीस-बावीस वर्षं मागं यावं लागेल.

मद्रास इलाख्यातलं एक रान. अनंतशास्त्री डोंगरे, त्यांची पत्नी लक्ष्मीबाई, दोन मुली, एक मुलगा. पुराणं सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारं विद्वान कुटुंब. जवळ होतं ते सगळं दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेलं, मग भांडी विकली, मग काहीच उरलं नाही. अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरावर काढल्या. शास्त्र्यांना हमाली येत नव्हती, भीक मागवत नव्हती. त्यांनी पवित्र तळ्यात देह ठेवायचं ठरवलं. मुलानं, श्रीनिवासनं, मी मजुरी करीन असं सांगून त्यांना थांबवलं. पण उपासानं शरीर पोखरलेलं होतं. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण, सगळं काही महिन्यांत. त्या रानात बसलेली सोळा वर्षांची मुलगी बघा. संस्कृत तोंडपाठ, पोट पाठीला लागलेलं. ती आणि भाऊ उठतात आणि पायी चालू लागतात. पुढं हजारो मैल.

तीच मुलगी आता तुमच्यासमोर बसली आहे, आणि तुम्ही तिला दुष्काळाकडे पाठ फिरवायला सांगता आहात.

आपण वाचलो ते कशासाठी, हा प्रश्न रमाबाईंना देवानंच घातला अशी त्यांची खात्री होती. एकदा प्रश्न असा पडला की वहीतली जमा-खर्चाची रेघ हलते. जी मदत तुम्ही दया म्हणून मोजत होता, ती त्यांच्या लेखी थकलेलं देणं होतं. मला स्वतःला रमाबाईंच्या सगळ्या आयुष्यात हीच जागा सर्वांत मोठी वाटते. त्यांच्या विद्वत्तेपेक्षा आणि व्याख्यानांपेक्षाही.

त्या निघतात. तुम्हीही निघता, कारण तुमच्याकडे आता बोलायला काही उरलेलं नाही.

मध्य प्रांतातल्या दुष्काळी छावणीत पहिल्यांदा तुम्हाला जाणवते ती शांतता. इतकी मुलं, आणि रडणं नाही. रडायलाही ताकद लागते. मोठी माणसं खडी फोडताहेत, त्यांच्या मजुरीवर घरं जगताहेत. ज्यांना हातोडा उचलत नाही, ती धर्मशाळांतून आणि सरकारी अन्नछत्रांतून पडून आहेत. तुमची नजर मुलांवर असते. रमाबाईंची नजर आणखी कुणावर तरी आहे. पोरक्या, वयात आलेल्या मुलींभोवती घोटाळणारे लोक त्यांनी हेरले आहेत. गोड बोलून, भाकरीचं आमिष दाखवून मुली पळवणारे. काही ठिकाणी तर देखरेखीला नेमलेल्यांपासूनच मुलींना धोका. हे बघितल्यावर पुण्यातल्या वहीचं तुम्ही नावही काढत नाही.

रमाबाई मुली गोळा करतात. साठ जणींना आणू, असा आधी अंदाज होता. मग तीनशेचा आकडा मनात येतो, आणि तो देवानंच घातला असं त्या धरून चालतात. पैसा? थोडा थोडा येत राहतो, कुणाकुणाकडून, पत्रांतून. पुरून उरेल असा कधीच नाही. काही मुली जगत नाहीत. आज्ञा पाळली म्हणून मरण बाजूला झालं, असं इथं घडत नाही, आणि मी ते तुमच्यापासून लपवणार नाही.

पुण्याला परतावं, तर 1897 उजाडलेलं. प्लेग शहरात शिरलाय. घरोघर झडत्या, सामान रस्त्यावर, माणसं इस्पितळात. सदनात नव्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई. ज्या घराच्या भरवशावर एवढं केलं, त्या घराचंच दार बंद! तुम्ही रमाबाईंच्या तोंडाकडे बघता. त्या केडगावची तयारी करायला लागल्या आहेत.

केडगाव म्हणजे पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं लहानसं स्टेशन. भोवती मोकळं, वाऱ्याचं रान. इमारत अशी नाही. तंबू आणि गवताच्या झोपड्या. विहिरीचं पाणी, चुलीला ओली लाकडं, आणि थोड्याच दिवसांत पावसाळा. याच जागेचं पुढं मुक्ती सदन होणार आहे. 1900 साली गुजरातच्या दुष्काळातूनही मुली येतील, इथं राहणाऱ्यांची संख्या दीड हजारावर जाईल. इथंच छापखाना येईल, मुली खिळे जुळवतील, आणि हिब्रू-ग्रीक शिकून रमाबाई साध्या मराठीत बायबल उतरवतील. 1922 साली मरेपर्यंत तेच काम चालेल. हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना नाही. त्यांच्यासमोर आत्ता फक्त आजच्या रात्रीचं पीठ आहे.

आणि मुली. या मुली कृतज्ञ वगैरे नाहीत. भुकेनं त्यांना खोटं बोलायला आणि झोंबायला शिकवलंय. ताटातलं संपवून शेजारणीच्या ताटावर हात टाकतात. अंगावर खरजेचे फोड, केसांत उवांचं रान. सदनातल्या जुन्या मुली, कालपरवापर्यंत ज्यांना पाटी-पुस्तकाशिवाय काळजी नव्हती, त्या आता या नव्या मुलींना न्हाऊ घालताहेत, फोड धुताहेत, रात्री उठून अंथरुणं बदलताहेत. एकीला उलटी होते, ती लुगड्याचा पदर तोंडाला लावून बाहेर जाते. थोड्या वेळानं परत येते आणि त्याच मुलीपाशी बसते. तिला दुष्काळाची बातमी वाचून कुठलाही प्रश्न पडला नव्हता. देवानं तिला वेगळं काही सांगितल्याचं कुणी नोंदवलेलं नाही. तरी ती परत येऊन बसली, आणि माझी नजर रमाबाईंवरून निघून तिच्याकडेच जात राहते.

तुम्ही विहिरीच्या काठाशी उभे आहात, बघायला आलेल्या माणसासारखे. कुणीतरी तुमच्या हातात कात्री देतं. समोर सात-आठ वर्षांची मुलगी पाठमोरी बसवलेली आहे. तिच्या डोक्यावरच्या जटा विंचरण्यापलीकडच्या आहेत. तुम्ही गुडघे टेकता, पहिली बट धरता. मुलगी दचकत नाही, वळून बघत नाही. तिच्या उजव्या मुठीत सकाळच्या भाकरीचा तुकडा आहे, घामानं भिजलेला, आणि केस खाली पडत असताना ती मूठ ती जराही सैल सोडत नाही.