गोष्टीतले दोन ‘पण’

पटकथेच्या वर्गात आता पहिला प्रश्न असतो, ‘लॉगलाइन काय?’ यातला ‘लॉग’ नोंदवहीचा असावा. स्टुडिओकडे आलेल्या संहितांची नोंद ठेवताना प्रत्येकीपुढे एका ओळीत गोष्ट टिपत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. त्या नोंदवहीमागे मात्र जहाज आहे. वेग मोजायला खलाशी दोरीला लाकूड बांधून समुद्रात सोडत आणि ठरलेल्या वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सरकल्या ते वहीत लिहीत. दोरी ती लॉगलाइन, वही ती लॉगबुक. आणि जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात. सिनेमाची लॉगलाइन या दोरीची लेक नसावी. वहीच्या बाजूने नात लागत असावी.

या ओळीत संघर्ष दिसायला हवा, असे गुरुजी बजावतात. ‘संघर्ष’ म्हणजे सम् अधिक घृष्, एकमेकांवर घासणे. आपले ‘घासणे’ही त्याच धातूकडे जाते. घासायला दोन अंगे लागतात. ‘नायकाचा परिस्थितीशी संघर्ष’ या वाक्यात दुसरे अंग कुठले, ते भल्याभल्यांना सांगता येत नाही. त्यापेक्षा फारसी ‘पेच’ मला जवळचा वाटतो. त्याचा मूळ अर्थ पीळ, वळसा. शिरपेचात तो मिरवतो, डावपेचात आखाड्यात उतरतो आणि पतंगांचे पेच लागले की कोणाचा तरी पतंग कटणार हे ठरलेलेच.

आता कटणार काय, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी आपल्याकडे ‘पणाला लावणे’ तयार आहे. संस्कृत ‘पण्’ म्हणजे सौदा करणे, तसेच डाव लावणे. बाजार आणि जुगार एकाच धातूत नांदावेत, याचे व्यापाऱ्यांना आश्चर्य वाटू नये! त्याच घरातले ‘पण्य’ म्हणजे विकाऊ माल, ‘आपण’ म्हणजे दुकान, ‘पण’ नावाचे नाणे आणि कृषी पणन मंडळातले ‘पणन’. (सर्वनाम ‘आपण’ निराळे, ते ‘आत्मन्’चे.) ‘पैज’ मात्र दिसायला सख्खी असली तरी बहुधा ‘प्रतिज्ञे’ची लेक. ज्ञानेश्वरांनी मराठीसाठी अमृताशी लावली ती हीच. अरबी ‘शर्त’ने तर तीन संसार मांडलेले दिसतात: शर्त म्हणजे अट, शर्यत म्हणजे धावण्याची चढाओढ आणि शर्थ म्हणजे पराकाष्ठा. वेदातले ‘धन’सुद्धा आधी स्पर्धेत जिंकायचे बक्षीस होते, तिजोरीत ते मागाहून गेले असावे.

आणि उरला उभयान्वयी ‘पण’. तो ‘पुनः’, प्राकृत ‘पुण’ या वाटेने आलेला दिसतो. पण् धातूशी त्याचे काही नाते नाही. तरी लॉगलाइनला नेमके हेच दोघे लागतात. ‘श्वास’ (2004) घ्या. कोणी लिहील, ‘आजोबा आणि नातवाच्या नात्याची हृदयस्पर्शी कथा.’ यात एकही ‘पण’ नाही. दुसरा लिहील, ‘कोकणातले आजोबा आजारी नातवाला शहरात आणतात, पण त्यांना मोठा संघर्ष करावा लागतो.’ इथे ‘पण’ आला खरा, तरी पणाला काय लागले ते कळत नाही. आता असे पाहा: ‘डोळ्यांच्या कर्करोगातून नातवाचा जीव शस्त्रक्रियेने वाचेल, पण दृष्टी कायमची जाईल, त्याआधी त्याला जग दाखवायची आजोबांची धडपड.’ जीव आणि दृष्टी एकमेकांवर घासू लागले. ‘हृदयस्पर्शी’ गळाला तरी काही बिघडले नाही; ते विशेषण प्रेक्षकाने लावायचे असते.

‘लॉगलाइन’ला मराठी शब्द शोधण्याचे प्रयत्न होतात. ‘कथासूत्र’ फार ऐसपैस; त्यात आशयही मावतो आणि तात्पर्यही. ‘वनलाइन’ म्हणावे, तर आपल्या चित्रपटवाल्यांत ते प्रसंगांच्या क्रमवार यादीलाही चालते, त्यामुळे घोटाळा. मला विचाराल तर ‘लॉगलाइन’ आहे तशी राहू द्यावी आणि लिहून झाल्यावर तीत दोन्ही ‘पण’ आहेत की नाहीत तेवढे तपासावे. उभयान्वयी ‘पण’ अक्षरशः नसला तरी चालेल, दुसऱ्यावाचून भागणार नाही.