नवाचा ताळा आणि बिघडलेली फाइल

पीएनजी चित्राची फाइल तुकड्यातुकड्यांनी बनलेली असते. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी चार बाइटांत त्याची लांबी, पुढच्या चारांत नाव, मग मजकूर आणि शेवटी पुन्हा चार बाइट. या शेवटच्या चार बाइटांवर माझा जीव जडला आहे, कारण ते म्हणजे एका भागाकाराची बाकी. फाइल वाटेत बिघडली तर बाकी जुळत नाही आणि ती वाचणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमना लागणारा तयार कोड, वेळीच हात आखडता घेते. ही युक्ती अमेरिकेत संगणकाबरोबर जन्मली, असं सगळीकडे सांगतात. माझं म्हणणं वेगळं आहे. या चार बाइटांचं कूळ आपल्या आजोबांच्या पाटीवरच्या नवाच्या ताळ्यापर्यंत जातं.

पीएनजीची जन्मकथा एका ओळीची: जिफ चित्रांत वापरलेल्या संकोचन-पद्धतीच्या पेटंटपोटी युनिसिस कंपनीनं पैसे मागायला सुरुवात केली, १९९५ मध्ये काही मंडळींनी नवा नमुना आखला आणि लिबपीएनजी व झेडलिब या दोन मुक्त लायब्रऱ्या घराघरांत पोचल्या.

आता ताळा. ३४७ गुणिले २८ म्हणजे ९७१६. बरोबर आहे का? ३, ४, ७ मिळवले की १४, म्हणजे ५. दोन आणि आठ दहा, म्हणजे १. पाच एके पाच. उत्तराचे अंक मिळवा: ९, ७, १, ६ मिळून २३, म्हणजे ५. ताळा जुळला. अंक मिळवत जाणं म्हणजे नवानं भागून बाकी काढणंच. गुणाकार पुन्हा न करता तो तपासायचा, यातच सगळी गंमत आहे.

भारतात हा नियम स्वच्छ शब्दांत दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्ता’त सापडतो. काळ साधारण इ.स. ९५०. गुण्य, गुणक आणि गुणाकार यांचे अंक एक अंक उरेपर्यंत मिळवायचे आणि ताडून पाहायचे. पण माझ्या लेखी खरी उडी पुढे आहे. १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त नारायण पंडित नऊ सोडून देतो. मनात येईल त्या संख्येनं भागा, बाकी घ्या आणि ताळा पाहा, असं तो सांगतो. भाजक आपल्या मर्जीचा! हे वाक्य वाचलं तेव्हा मला पीएनजीचे ते चार बाइट आठवले. तिथंही कोणी तरी सोयीचा भाजक निवडून ठेवला आहे, एवढंच.

ताळ्याची गरज आपल्याकडेच का पडावी? माझा तर्क असा. गणित धुळीच्या पाटीवर व्हायचं, त्याला धूलिकर्म हे नावच होतं. मधल्या पायऱ्या पुसत पुढे जायचं आणि शेवटी हाती फक्त उत्तर उरायचं. पायऱ्याच नाहीत तर तपासणार काय? बाहेरून तपासायची सोय हवीच होती. फाइलचंही तसंच आहे: वाटेत काय काय झालं ते दिसत नाही, दिसतो फक्त पोचलेला माल.

ताळा मूळ आपला, या दाव्याला विरोध करणारे आहेत. पहिला पक्ष ग्रीकांचा. तिसऱ्या शतकातल्या हिप्पोलिटसच्या लेखनात नावाच्या अक्षरांचे अंक मिळवून नवाची बाकी काढण्याचा उल्लेख आहे, तोही ट्रॉयच्या युद्धातले हेक्टर आणि पॅट्रोक्लस यांच्यात कोण जिंकणार हे सांगायला. बाकी आहे खरी, पण तिचा उपयोग भविष्य सांगायला. नावाच्या अंकांवरून मुलाचं नशीब सांगणाऱ्याला मी हिशेबनीस म्हणणार नाही.

दुसरा पक्ष जास्त जड आहे, नवव्या शतकातल्या बगदादचा. अल्‌-ख्वारिझ्मीच्या अंकगणितात नवाचा ताळा येतो आणि तो तर दुसऱ्या आर्यभटाच्या शंभरेक वर्षं आधीचा. यावर माझं उत्तर: त्याचा तो ग्रंथच मुळी हिंदी अंकांची रीत शिकवणारा. रीत इथून गेली तर रीतीचा ताळा मागे राहिला असेल का? शिवाय मूळ अरबी पुस्तक हरवलं आहे, हाती आहेत ती बाराव्या शतकापासूनची लॅटिन रूपं. लॅटिन करणाऱ्यानं पदरचं घातलं नसेलच असं नाही, पण तो मुद्दा मी ताणत नाही. तो दोन्हीकडून कापतो.

खरा घोळ इब्न सीनाच्या एका शब्दाचा आहे. वैद्यकासाठी गाजलेला हा विद्वान (९८०–१०३७) वर्ग आणि घन यांचा नवाचा ताळा सांगतो आणि त्या रीतीला जे विशेषण लावतो, ते ‘हिंदी’ असं वाचायचं की ‘हिंदसी’, यावर युरोपातले पंडित भांडले. हिंदी वाचलं तर श्रेय आपल्याकडे. फ्रेंच अभ्यासक कारा द व्हो मात्र म्हणाला, हा शब्द मोजमापाचा, हिंदुस्थानचा त्याच्याशी संबंध नाही. अरबीत भूमितीला ‘हंदसा’ आणि इंजिनिअरला ‘मुहंदिस’ म्हणतात. त्याचं मूळ फारसी ‘अंदाजा’, तोच आपल्याकडे ‘अंदाज’ होऊन बसला. म्हणजे वाद असा: ती रीत हिंदची, की अंदाजाची? भाषेच्या अंगानं कारा द व्होचं म्हणणं कच्चं नाही. तरी मी हिंदकडेच झुकतो. वाद शब्दाचा असला तरी वस्तू अंकांची आहे. नवाचा ताळा दशमान स्थानपद्धतीतच असा सहज चालतो, कारण तिथंच नुसते अंक मिळवले की बाकी हाती येते. रेघा मोजून किंवा अक्षरं लिहून हिशेब करणाऱ्याला तो एवढा स्वस्त पडत नाही. अंक जिथले, ताळा तिथला.

पुढचा प्रवास सरळ आहे. फिबोनाचीनं १२०२ मध्ये नवाबरोबर सात, अकरा यांचेही ताळे दिले. १४७८ साली त्रेविसोत छापलेल्या व्यापारी अंकगणितात ताळा आहेच. मग मात्र मोठी दरी. अमेरिकी गणिती वेस्ली पीटरसननं १९६१ मध्ये आजचा सीआरसी, म्हणजे पीएनजीच्या त्या चार बाइटांमागचं गणित, मांडला, तेव्हा त्याच्या टेबलावर नारायण पंडित नव्हता. वंशावळ जोडणारा कागद नाही, साम्य मात्र अंगावर येणारं आहे. सीआरसी म्हणजे सगळी फाइल ही एक लांबलचक संख्या धरून ठरलेल्या भाजकानं भागणं, फक्त वजाबाकीत हातचा घ्यायचा नाही. उरलेली बाकी फाइलला चिकटवायची. तारयंत्रं आणि रिले यांचे अभिमानी म्हणतील, हे सगळं पॅरिटी बिटातून आलं. पण पॅरिटी म्हणजे तरी काय? दोनाचा ताळा.

नवाच्या ताळ्यातलं भोक व्यापाऱ्यांना चांगलं माहीत होतं. ९७१६ ऐवजी ९७६१ लिहिलं तरी अंकांची बेरीज तीच, ताळा तसाच जुळतो. म्हणून जुने कारकून हिशेबातल्या फरकाला नवानं पूर्ण भाग गेला की अंकांची अदलाबदल शोधू लागत. झेडलिबच्या कर्त्यांपैकी मार्क ॲडलर यानं तिच्यात वापरलेला चेकसम, म्हणजे तपासणीची बेरीज, हे भोक बुजवतो. तिथं दोन बेरजा चालतात. पहिली १ पासून सुरू होते, दुसरी शून्यापासून. प्रत्येक बाइट पहिलीत मिळवायचा आणि मग पहिली दुसरीत. ३, ४, ७ घेतले तर शेवटी १५ आणि २७. क्रम बदलून ४, ३, ७ घेतले तर १५ आणि २८. पहिली बेरीज फसली, दुसरीनं पकडलं. दोन्ही बेरजांची बाकी ६५५२१ या अविभाज्य संख्येनं काढायची. नारायण पंडिताला हा भाजक आवडला असता.

घराण्यात न बसणारी एक शाखाही सांगून टाकतो. आधारचा बारावा अंक डच गणिती व्हरहूफ याच्या १९६९ च्या रीतीनं ठरतो.  ही रीत बाकीची नाही, तिचं गणितच निराळं. तिथं माझा दावा नाही.

आता लायब्ररी कोसळण्याकडे, म्हणजे क्रॅशकडे. ताळा एवढा पक्का, तर बिघडलेल्या फाइलनं लायब्ररी कोसळते कशी? उत्तर सोलापूरजवळच्या माझ्या कुंभारी गावात मिळतं. तिथं गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं बिडी कामगार बायांची. कारखान्यातून पान-तंबाखू वजनानं मिळते, बिडी हजारावर मोजून परत जाते. आकडा जुळला म्हणून माल पास होत नाही, चेकर बिडी हातात घेऊन पाहतो आणि खराब ती काढतो. चेकसम हा मोजणारा आहे, चेकर नव्हे. पाठवलं ते पोचलं, एवढंच तो सांगतो. पाठवलेलंच खोटं असेल तर तो मुकाट पास करतो. पीएनजीत तर आणखी गोम आहे: सीआरसी नाव आणि मजकूर यांच्यावर काढतात, लांबी त्यात धरलेलीच नाही!

२००४ साली लिबपीएनजीत सापडलेली चूक याच जातीची. पारदर्शकता सांगणारा एक तुकडा रंगांच्या यादीनंतरच यायला हवा. तो आधी आला तर लायब्ररी नुसती तक्रार नोंदवायची आणि निभावून नेऊ म्हणत पुढे जायची. लांबीची तपासणी ‘नाहीतर’च्या फांदीत होती, त्यामुळे तक्रार झाली की तपासणी टळायची. २५६ बाइटांच्या जागेत फाइल म्हणेल तेवढं ओतलं जायचं. सीआरसी बिनचूक असूनही कोसळणं ठरलेलं. दुरुस्ती अवघी काही ओळींची झाली.

अशा चुका शोधायची रीतही अपघातानं सापडली. १९८८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर घरून फोनच्या तारेवर काम करत होते. वादळात तारेत खरखर घुसली, भलतीच अक्षरं गेली आणि युनिक्सचे प्रोग्रॅम धडाधड पडू लागले. मग त्यांनी मुद्दाम कचरा भरून पाहिला. त्यांच्या १९९० च्या निबंधानुसार पाव ते एक तृतीयांश साधनं कोसळली. यातून फझिंग आलं, आणि २०१६ पासून गूगलचा ओएसएस-फझ मुक्त लायब्रऱ्यांवर अखंड असा कचरा ओतत आहे.

इथंच माझ्या आवडत्या ताळ्याचा कस लागतो. फझर एखादा बाइट बदलतो, सीआरसी जुळत नाही, फाइल दारातच अडते आणि आतली चूक झाकलेलीच राहते. म्हणून एएफएल या फझरबरोबर लिबपीएनजीचा सीआरसी बंद करणारी एक छोटी फाइलच दिलेली आहे. राखणदाराला बाजूला केल्याशिवाय घरातली भेग दिसत नाही.

म्हणून बिघडलेल्या फाइलनं लायब्ररी पडली की चेकसम कडक करून काम भागवणारा दुरुस्तीकार मला चालत नाही. त्यानं आधी ताळा बंद करून तीच फाइल पुन्हा द्यावी. फाइलनं सांगितलेल्या प्रत्येक लांबीला विचारावं, एवढी जागा आहे का, एवढा मजकूर खरंच उरला आहे का. मग ती वाईट फाइल कायमची चाचण्यांत ठेवावी आणि शेवटी ताळा परत चालू करावा. ताळा जुळला की उत्तर बरोबर, असं शाळेत मानलं तर चालतं, लायब्ररीत नाही.