व्हिडिओ कॅमेरा, खिशातील

एका हातात मावणारा, भिंग बदलता न येणारा, चित्रण मेमरी कार्डावर किंवा अंगच्याच मेमरीत साठवणारा, कमी किमतीचा व्हिडिओ कॅमेरा. घरगुती चित्रणाचे यंत्र लहान करण्याची धडपड जुनी आहे. सोनीने १९८९ मध्ये ‘सीसीडी-टीआर ५५’ हा ७९० ग्रॅम वजनाचा कॅमेरा काढला आणि तो पासपोर्टाच्या आकाराचा म्हणून खपवला. १९९५ च्या सुमारास मिनीडीव्ही टेप आली. कॅमेरा मुठीत आला, पण टेप, ती फिरवणारी चाके आणि संगणकाला जोडायची वेगळी तार यांतून सुटका नव्हती. ती २००७ मध्ये बाजारात आलेल्या ‘फ्लिप’ने केली. या कॅमेऱ्यात टेप नव्हती. पाठीवर एक मोठे लाल बटण आणि बाजूने बाहेर येणारा यूएसबीचा दांडा एवढीच काय ती करामत. २००९ मध्ये सिस्कोने ‘फ्लिप’ची कंपनी सुमारे ५९ कोटी डॉलरला घेतली आणि एप्रिल २०११ मध्ये हा धंदाच बंद केला. कोडॅकचा ‘झेडआय ८’ २००९ चाच. किंमत १७९.९५ डॉलर, चित्रण १०८० रेषांपर्यंत आणि बाहेरचा माइक लावण्याची सोय. दिवाळखोरीचा अर्ज दिल्यानंतर फेब्रुवारी २०१२ मध्ये कोडॅकनेही हा व्यवसाय सोडला. या यंत्राची चलती अशी पाच-सहा वर्षांचीच, तरी त्याचे गुणदोष पुढे मोबाइलच्या आणि आजच्या स्वस्त कॅमेऱ्यांच्या वाट्याला जसेच्या तसे आले आहेत.

अशा कॅमेऱ्याची पारख बहुतेक वेळा चित्राच्या आकारावरून होते: ६४० बाय ४८०, ७२० रेषा, १०८० रेषा, आणि आकडा मोठा तो कॅमेरा चांगला. गोव्यातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत मात्र हे माप उपयोगी पडत नाही. लग्नमुंजी सोडल्या तर इथे ज्याचे चित्रण करावेसे वाटते ते बहुतांशी रात्री घडते: जत्रेतला दशावतारी काला, पेडण्याची कोजागिरीची पुनव, शिमग्यातले साळचे गडे, शिरगावच्या लईराईचे होमकुंड. यांतले बरेचसे डोळ्यांइतकेच कानांसाठी असते. म्हणून स्वस्त कॅमेऱ्याची लायकी इथे आधी आवाजावर, मग उजेडावर, त्यानंतर तो सलग किती वेळ चालतो यावर आणि सर्वांत शेवटी चित्राच्या रेषांवर ठरवावी लागते. जाहिरातीतला क्रम याच्या बरोबर उलटा असतो.

दशावताराचे उदाहरण घेतले की हे स्पष्ट होते. आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा प्रास्ताविक भाग, आटोपून आख्यान सुरू झाले की नट जे बोलतात ते कुठल्या वहीत लिहिलेले नसते. कथानक ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद आयत्या वेळी रंगमंचावरच रचले जातात. एकच आख्यान, तीच मंडळी, पण मोरजीतला संवाद पार्सेत तसाच्या तसा ऐकू येईल याची हमी नाही. म्हणजे त्या रात्रीची संहिता त्या रात्रीच्या आवाजातच असते आणि ध्वनिमुद्रण बिघडले तर ती गेली. चित्र धूसर झाले तर मुकुटाची नक्षी दिसत नाही एवढेच. कोकणात दशावताराच्या व्हीसीडी घरोघर पाहिल्या गेल्या तेव्हा त्यांच्यावरचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, म्हणजे आजच्या हिशेबाने हलके होते. प्रेक्षकाने त्याबद्दल कुरकुर केली नाही, कारण शब्द न् शब्द कळत होता.

नेमके इथेच स्वस्त कॅमेरा कमी पडतो. त्याच्या अंगचा माइक शेंगदाण्याएवढा असतो आणि आवाजाची पातळी यंत्र स्वतः ठरवते. पखवाजावर थाप आणि त्यावर झांजेचा खणखणाट झाला की यंत्र पातळी खाली ओढते. लगेच राजा बोलू लागतो, तेव्हा त्याचे पहिले दोन-तीन शब्द दबून जातात. तो क्षणभर थांबला की पातळी वर चढू लागते आणि मागचा जनरेटर, खाज्याच्या दुकानावरची घासाघीस, शेजारच्या पोराची रडारड असे सगळे राजाइतकेच मोठे होते. पायपेटीचा सूर तर या चढउतारात लाटेसारखा हलतो. उपाय साधा आहे. अंतर दुप्पट झाले की थेट पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाई होते, म्हणून कॅमेरा मंडपात कुठेही असला तरी माइक रंगमंचाजवळ हवा. त्यासाठी कॅमेऱ्याला साडेतीन मिलिमीटरचा माइकचा जॅक लागतो. तो ‘झेडआय ८’मध्ये होता, ‘फ्लिप’मध्ये नव्हता, आणि या कामापुरता दोहोंतला निकाल तेवढ्यावरच लागतो. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट तार घेता येते, पण तो प्रवाह माइकच्या मानाने जोरकस असतो. मध्ये आवाज उतरवणारी तार नसली तर सगळा आवाज फाटतो. हेडफोन लावून ऐकण्याची सोय या जातीच्या कॅमेऱ्यांत बहुधा नसते, त्यामुळे बिघाड कळतो तो दुसऱ्या दिवशी. सुरुवातीचे दोन मिनिटांचे चित्रण तिथल्या तिथे लावून ऐकणे हाच त्यावर इलाज.

उजेडाचा प्रश्न सेन्सरच्या आकाराशी बांधलेला आहे. स्वस्त कॅमेऱ्यातला पाव इंची म्हटला जाणारा सेन्सर दहाएक चौरस मिलिमीटरचा, तर एक इंची म्हणवणारा सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ बारापट. तोच उजेड लहान सेन्सरवर कमी गोळा होतो, यंत्र तो विजेने फुगवते आणि काळ्या पडद्यावर रंगीत ठिपक्यांची बुजबुज दिसू लागते. तिथे १०८० रेषा असून काय उपयोग? जास्त रेषांत जास्त बुजबुज एवढाच फरक. दुसरी अडचण विजेच्या दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. अमेरिकी बाजारासाठी जुळवलेला कॅमेरा सेकंदाला तीस चित्रे घेतो आणि त्याचा शटर एकसाठांश सेकंदाचा असतो. दोहोंचा मेळ बसत नाही आणि चित्रावर काळपट पट्टे वरखाली सरकत राहतात. जहाजावर नोकरी करणाऱ्याने परदेशी बंदरात घेऊन गावी पाठवलेल्या कॅमेऱ्यात हा दोष हमखास निघतो. ५० हर्ट्झची निवड मेनूत असली तर तो एका मिनिटात जातो, नसली तर कधीच जात नाही.

होमकुंडाजवळ अडचण उलटी असते. वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री शिरगावात होमकुंड पेटते आणि पहाटेच्या सुमारास धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून जातात. चौकटीत ज्वाळा आली की यंत्र सगळे चित्र अंधारवते आणि बेत हातात घेतलेला धोंड काळी सावली होतो. ज्वाळा बाजूला गेली की तेच चित्र पांढरे फटक पडते. एक्स्पोजर जागच्या जागी धरून ठेवण्याचे बटण असते तर हे टळले असते. किंमत उतरवताना कंपन्यांनी बहुधा हेच बटण आधी काढले. काही ठिकाणी तर उपायच नाही. मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला रात्री येतात आणि पांढऱ्या उजेडाने बिचकतात. तिथे दिवा लावता येत नाही, लावूही नये, आणि दिव्याशिवाय हा कॅमेरा आंधळा आहे.

दिवसाउजेडी चित्र पार बदलते. डिचोलीच्या कुंभाराच्या अंगणात सकाळच्या उन्हात हाच कॅमेरा महागड्याच्या तोडीचे चित्रण देतो. अडते ते फक्त जवळच्या कामापाशी. भिंगाचा फोकस कायमचा बसवलेला असल्यामुळे साधारण मीटरभराच्या आतले सगळे मऊ होते. चाकावरचा मडक्याचा काठ आणि त्यावर फिरणारी बोटे हेच तर टिपायचे असते! ‘झेडआय ८’ला जवळच्या चित्रणासाठी वेगळा खटका दिला होता. बाकीच्यांत मागे सरकून डिजिटल झूम वापरावा लागतो, आणि तो म्हणजे मधला तुकडा कापून ताणणे.

वेळेची बाब लोक विसरतात. रात्रीचे नाटक तीन-चार तास चालते, पूर्वी तर उजाडेपर्यंत चाले. सेकंदाला सुमारे ९ मेगाबिट या वेगाने ८ जीबी दोन तासांत भरते. शिवाय फॅट ३२ पद्धतीच्या कार्डावर एक फाइल ४ जीबीपलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून काही कॅमेरे तासाभरात आपसूक थांबतात. नवी फाइल आपोआप सुरू करणारा आणि चार्जर लावून चालणारा कॅमेरा असेल तरच रात्र पार पडते. छायाचित्रांच्या कॅमेऱ्यांवरची २९ मिनिटे ५९ सेकंदांची जुनी मर्यादा तर तांत्रिक नव्हतीच. तीस मिनिटांपुढे चित्रण करणाऱ्या यंत्रावर युरोपात जास्त जकात लागे, ती चुकवण्याचा तो मार्ग होता. तिचा भुर्दंड पेडण्यातल्या प्रेक्षकाने का सोसावा, हा प्रश्न जकातवाल्यांना पडला नसावा.

यावर पहिला आक्षेप अर्थातच मोबाइलचा: आता प्रत्येकाच्या खिशात याहून चांगला कॅमेरा असताना ही चर्चा हवी कशाला? चित्रापुरते ते खरे आहे. पण आवाज आपोआप चढवण्या-उतरवण्याची खोड मोबाइललाही आहे. २०१६ मध्ये आयफोन ७ ने हेडफोनचा जॅक काढल्यापासून बहुतेक महाग फोनांनी तोच कित्ता गिरवला आणि साधा माइक जोडणे अवघड झाले. मध्येच फोन वाजतो, यंत्र तापते, आणि रात्रभर फोन ट्रायपॉडवर अडकवून ठेवायची तयारी कुणाची नसते. दुसरा आक्षेप असा की, तालुक्याच्या गावचा व्हिडिओवाला बोलवावा. लग्नासाठी तेच योग्य. देवळातल्या काल्यात मात्र त्याचा प्रखर दिवा नटांच्या डोळ्यांवर येतो, रंगमंचाचा मूळ उजेड धुऊन जातो, आणि दरवर्षीचा खर्च लहान देवस्थानाला पेलत नाही. कोपऱ्यात खांबाशी उभा केलेला लहान कॅमेरा कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. त्या गुणाचा गैरवापर होऊ नये म्हणून विधीच्या ठिकाणी देवस्थान समितीला आणि नाटकात मंडळीच्या मालकाला आधी विचारलेच पाहिजे. तिसरा आक्षेप जड आहे: दशावतार काय केवळ शब्द आहे? संकासुराची चाल, स्त्रीपार्टीचे डोळे, लढाईतली गिरकी, हे चित्राशिवाय उरत नाही. मान्य. मात्र ही अंगे पुढच्या वर्षी त्याच नटाकडून बरीचशी तशीच पाहायला मिळतात, आयत्या वेळी सुचलेले स्वगत मिळत नाही. दोहोंपैकी एकच नीट राखणे परवडत असेल तर निवड कठीण नाही.

जपणुकीत हवामान आडवे येते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि चार महिने भिंगावर बुरशी धरायला पोषक दमटपणा असतो. हरमल-मांद्रेला त्यात खारा वारा, तर डिचोलीच्या खाणपट्ट्यात लाल धूळ. टेपलाही बुरशी धरते, शिवाय ती वाजवायला चालू यंत्र लागते. मेमरी कार्डावरची फाइल या बाबतीत उजवी, कारण २००९ च्या ‘झेडआय ८’वरचे चित्रण आजचा कुठलाही संगणक उघडतो. पण कार्ड हे साठवणीचे ठिकाण नव्हे. फाइल दुसऱ्या दिवशी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून नावात गाव, मंडळी, आख्यान आणि तिथी घालावी. जुना कॅमेरा घेताना बॅटरी आधी पाहावी, ती बहुधा गेलेली असते. आणि काल्याच्या रात्रीसाठी घेत असाल तर माइकचा जॅक नसलेला कॅमेरा फुकट मिळाला तरी घेऊ नये.