मालकी आणि रूपबंध : डेसिलू कंपनी आणि ‘आय लव्ह लुसी’

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेचा कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर लेखकाच्या वा नटाच्या नावात शोधण्याची सवय समीक्षेला साहित्यविचाराकडून लागली आहे. ‘आय लव्ह लुसी’ या अमेरिकन मालिकेपुरते तरी हे उत्तर अपुरे आहे. तिच्या रूपबंधाची काही मूलभूत वैशिष्ट्ये निर्मितिसंस्थेने केलेल्या एका व्यवहारातून उद्भवली.

ल्युसिल बॉल आणि डेसी अर्नाझ या दांपत्याने १९५० मध्ये डेसिलू कंपनी स्थापन केली. त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. दूरच्या केंद्रांना पडद्यावरून टिपलेली धूसर प्रत मिळे. प्रायोजक सिगारेट कंपनीला न्यूयॉर्क हवे होते, दांपत्याला हॉलिवूड सोडावयाचे नव्हते. तोड अशी निघाली की मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करावी. वाढीव खर्चापोटी दांपत्याने मानधन कमी केले आणि मोबदल्यात चित्रित भागांची मालकी घेतली. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सीबीएसवर पहिला भाग दिसला.

फिल्म हवी आणि समोर हसणारा प्रेक्षकही हवा, या दुहेरी गरजेतून तीन कॅमेऱ्यांची योजना आली. ती सर्वस्वी नवी नव्हती. छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी तिला सपाट, सर्वत्र सारख्या प्रकाशाची जोड दिली. (‘मेट्रोपोलिस’च्या या छायालेखकाला येथे सावल्या पुसाव्या लागल्या, हा दैवदुर्विलासच.) रंगमंचासारखी सन्मुखता, अखंड अभिनय आणि संहितेचाच घटक बनलेले हास्य हे सारे याच व्यवस्थेचे फलित होय.

लुसी रिकार्डोला नवऱ्याच्या नाइटक्लबात झळकावयाचे असते. ती फसते आणि घरी परतते. हे वर्तुळ नभोवाणीकडून आलेले खरे, परंतु कंपनीच्या मालकीच्या फिल्मने त्याला व्यापारी मूल्य दिले. ज्या भागात काहीच कायमचे बदलत नाही, तो पुन्हा केव्हाही दाखविता येतो. जानेवारी १९५३ मधील पुत्रजन्मासारखे अपवाद आहेत. पण तेथेही दांपत्याचे खासगी जीवनच कंपनीचे भांडवल झाले. पुढे या भागांचे हक्क सीबीएसला विकले गेले आणि १९५७ साली डेसिलूने आरकेओचे स्टुडिओ विकत घेतले. नायिकेचे साप्ताहिक अपयश हे अशा रीतीने अभिनेत्रीच्या संपत्तीचे साधन होते.

लुसीच्या कोंडीचे स्त्रीवादी वाचन नवऱ्याच्या अधिकारापाशी थांबले, तर पुढील इतिहास उलगडत नाही. १९६० मध्ये दांपत्याचा घटस्फोट झाला. १९६२ मध्ये बॉल यांनी अर्नाझ यांचा हिस्सा विकत घेतला आणि त्या कंपनीच्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘द लुसी शो’ची नायिका विधवा आहे, तिला अडविणारा नवरा नाही. तरीही फसण्याचे आणि परतण्याचे वर्तुळ तसेच फिरत राहते, आणि नवऱ्याच्या रिकाम्या जागी तिचे पैसे सांभाळणारा, तिच्यावर डाफरणारा बँकेचा अधिकारी येऊन बसतो.