मांडीवर घेतलेलं मूल

काशीदहून अलिबागला जाताना कोर्लई मागे पडते आणि रेवदंड्याची खाडी लागते. खाडीच्या अलीकडचा मुलूख, काशीदसकट, 1948 पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दींचा. पुढे अलिबागला आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानाची गादी होती. ती गेली एका दत्तकापायी.

1838 मध्ये दुसरे रघोजी आंग्रे वारले. त्यांच्या माघारी जन्मलेला कान्होजी काही महिन्यांतच गेला. राजघराण्यातल्या विधवेने दत्तक घेण्याची परवानगी मागितली, कंपनी सरकारने ती नाकारली आणि 1840 मध्ये कुलाबा संस्थान खालसा केलं. दत्तक नामंजूर करून संस्थानं खालसा करण्यासाठी गाजलेला गव्हर्नर जनरल डलहौसी हिंदुस्थानात यायला अजून आठ वर्षं होती!

शास्त्राची आडकाठी नव्हती. पश्चिम भारतात नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ प्रमाण मानत, आणि इकडच्या परंपरेत विधवेला नवऱ्याच्या स्पष्ट परवानगीवाचूनही दत्तक घेता येई. जन्मदात्याने मूल आपल्या हाताने द्यायचं, घेणाऱ्याने ते मांडीवर घेऊन त्याचं मस्तक हुंगायचं. तेवढ्याने त्या पोराचं गोत्र बदले, कूळ बदले. एकुलता एक मुलगा देऊ नये, हा दंडकही देणाऱ्याच्या वंशासाठीच. दत्तक जायचा तो मुलगाच, मुलगी नाही. पिंड कोण देणार, वतन कोण राखणार, एवढ्याचीच काळजी होती. मांडीवरच्या पोराला रात्री आईची आठवण आली तर काय, हे कुणी विचारत नव्हतं, आणि ते जुने नियम वाचताना आजही जीव तुटतो.

1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलीलाही दत्तक जाता येऊ लागलं.

दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या प्रतिपालकांचे नियम मात्र अगदी उलट्या, म्हणजे मुलाच्या, बाजूने आले. 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार बालकल्याण समिती मूल ठरावीक काळासाठी सांभाळायला देते. शाळा, औषधपाणी, खाणंपिणं प्रतिपालकांनी पाहायचं. भावंडांची शक्यतो ताटातूट करायची नाही. मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर जन्मदाते भेटायला येऊ शकतात आणि त्यांची घडी बसली की मूल परतही जाऊ शकतं. दर महिन्याला घराची तपासणी होते. 2024 पासून 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तीलाही हे करता येतं. पुरुष एकटा असेल तर त्याच्याकडे फक्त मुलगाच देतात. दोन वर्षांनी, मूल कायद्याने दत्तक देण्याजोगं झालेलं असेल तर, त्याच घराला ते दत्तक घेता येतं. आधी ही मुदत पाच वर्षांची होती.

काशीदच्या एखाद्या घराने असं मूल सांभाळायचं मनात आणलं, तर त्यालाही खाडी ओलांडून अलिबागचाच रस्ता धरावा लागतो. जिल्ह्याचा कारभार तिथूनच चालतो.